दुसऱ्याच्या कागदावर लागलेला कौल

वंगबाई दरवर्षी कल चाचणीचे कागद मुलांच्या संख्येच्या दुप्पट मागवतात. शाळेच्या ऑफिसातला कारकून दरवर्षी न चुकता विचारतो, "बाई, पोरं दुप्पट झाली का?" आणि बाई दरवर्षी न चुकता सांगतात, "पोरं आहेत तेवढीच आहेत. तुम्ही कागद द्या." कारकून बाहेरगावचा आहे, त्याला कळत नाही. पुताई गावात मात्र मासळीबाजारातल्या बायकांनाही यामागचं कारण ठाऊक आहे, कारण ते हौ कुटुंबाच्या कालवं फोडायच्या शेडमध्ये, त्यांच्यातल्याच एकीच्या बाबतीत घडलं.

वंगबाई स्वतःही मूळच्या बाहेरगावच्याच. थायचुंगसारख्या शहरात वाढलेली ही बाई, दोन वर्षं काढू म्हणून या खाऱ्या वाऱ्याच्या गावात हायस्कूलची समुपदेशक होऊन आली. बदलीचा अर्ज उद्या लिहू, उद्या लिहू म्हणता म्हणता केस पिकले. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची कोणाची टाप नव्हती, कारण राग नाकाच्या शेंड्यावर आणि जीभ फटकळ. पण त्या बाजारात गेल्या की मासळीवाल्या त्यांच्या पिशवीत न मागता चार मासे जास्त टाकत आणि टाकता टाकता विचारत, "आमच्या थोरल्याचं काय निघालंय हो बाई, तुमच्या कागदात?"

बाईंची खोली कॉरिडॉरच्या अगदी टोकाला, बँडचे ढोल ठेवायच्या खोलीला लागून. तिथे जाताना कोणी दिसलं की घरात भांडणं आहेत किंवा पोरगं नापास होतंय, असा सगळ्यांचा समज. म्हणून बाईंनी टेबलावर आंबट आलुबुखारांची बरणी ठेवली. मग मुलं आलुबुखार खायच्या निमित्ताने यायची आणि तोंड आंबट झालं की हळूहळू बोलायला लागायची.

शेवटच्या वर्षाची मोठी परीक्षा झाली आणि गुण हातात आले की प्रत्येकाने विद्यापीठांचे सहा अभ्यासक्रम निवडून अर्ज करायचा. त्याच्या आधी बाई कल चाचणी घेत. मोडलेलं यंत्र खोलून बघायला आवडेल का? अनोळखी माणसाचं गाऱ्हाणं ऐकायला आवडेल का? असे पानंच्या पानं प्रश्न. प्रत्येकापुढे फार आवडेल, आवडेल, नाही आवडणार, मुळीच नाही, असे चार गोल. त्यातला एक काळा करायचा. सगळं भरून झालं की तुमचा ओढा कुठे आहे त्याचा आलेख निघतो.

चाचणीआधी बाई वर्गापुढे उभ्या राहून सांगायच्या, "यात बरोबर उत्तर नसतं. मनात येईल ते लिहा." मुलं हे वाक्य वहीत उतरवून घ्यायची. एकाने ते लाल पेनने अधोरेखित केलेलं बाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि दुसऱ्याने हात वर करून विचारलं, "हे परीक्षेला येईल का?" बाईंनी कपाळाला हात लावला. पण खरं सांगायचं तर त्या पोरांचा तरी काय दोष. पहिलीपासून हातात पडलेल्या प्रत्येक कागदावर एक उत्तर बरोबर आणि बाकीची चूक. शाळा सुटली की क्लास, क्लास सुटला की गाईडं. अशा पोराला कोणी विचारलं, तुला काय आवडतं, तर पेपर काढणाऱ्याला काय हवं असेल हाच विचार आधी त्याच्या डोक्यात यायचा.

आणि निकाल आला की तो घरी जायचा, आणि घरून मात्सू देवीच्या देवळात. पुताईत डॉक्टरने औषध लिहून दिलं तरी लोक आधी देवीला विचारतात आणि मग दुकानात जातात. चंद्रकोरीसारखे दोन लाल लाकडी ठोकळे, एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने फुगीर. प्रश्न विचारायचा आणि जमिनीवर टाकायचे. एक सपाट आणि एक फुगीर पडला तर होकार. दोन्ही फुगीर वर आले तर नकार. दोन्ही सपाट वर आले तर देवी हसतेय. लागोपाठ तीनदा होकार म्हणजे पक्का कौल. मग त्यापुढे बाप, मास्तर, सरकार, कोणाचं काही चालत नाही.

बाई गावात नव्या असताना या प्रकाराने भयंकर चिडल्या होत्या. आपण रात्र रात्र जागून आलेख काढायचे आणि यांनी लाकडाचे तुकडे टाकून बघायचं. त्या तरातरा देवळात गेल्या, भांडायलाच. तिथे खांबाजवळच्या टेबलाशी छ्यूकाका बसले होते. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून ते लोकांना कौलाचा अर्थ सांगायचं काम करत. त्यांनी बाईंचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही पोराला दीडशे प्रश्न विचारता, आम्ही देवीला एक. धड उत्तर दोघांनाही मिळत नाही. बसा, चहा घ्या." बाई बसल्या. तेव्हापासून त्यांची जी मैत्री झाली ती आजतागायत आहे.

तर त्या वर्षी निकाल वाटून झाल्यावर आपल्याकडच्या प्रती लावता लावता बाईंच्या हाताला एकसारखे सहा आलेख लागले. एकसारखे म्हणजे रेषेला रेष. त्यातली पाच मुलं वर्गात एकापाठोपाठ बसणारी, आणि त्यांच्या अगदी पुढे बसणारा कोण, तर श्याव पो-येन, दरवर्षी पहिला येणारा. पाचांनीही कल चाचणी त्याची बघून लिहिली होती. आवडीनिवडीची कॉपी.

बाईंनी पाचांना बोलावलं आणि असं काही फैलावर घेतलं की शेजारचे ढोलसुद्धा गप्प बसले असतील. चौघं जण खाली बघून हसू दाबत होते. ओरडा खाऊन, आलुबुखार घेऊन गेले. पाचवी तिथेच उभी राहिली. हौ फिन-यू. बारीक चणीची, कधी कोणाच्या अध्यातमध्यात नसणारी मुलगी. वर्गात ती आहे की नाही हे हजेरी घेतानाच कळायचं.

"तू का लिहिलंस त्याचं बघून?" बाईंनी विचारलं.

"मग काय लिहायला हवं होतं?"

"तुला जे आवडतं ते."

"ते मला कुठे माहितेय, बाई?"

ती उद्धटपणे बोलली नव्हती. खरंच विचारत होती. इतकी वर्षं वर्गापुढे उभं राहून आपण एकच पोपटपंची केली आणि एकदाही हे ध्यानात आलं नाही, याची बाईंना लाज वाटली. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

"बरं, बस. परत भरू आपण. एवढं तोंड पाडायला काय झालं?"

"आई देवळात जाऊन आली," फिन-यू म्हणाली. "तीनदा लागला."

म्हणजे झालं होतं असं. पो-येनच्या आलेखात संशोधन, रसायनं, औषधं असं सगळं उंच उंच गेलेलं. तेच फिन-यूच्या कागदावर. तिची आई मेई-ल्वान तो कागद घेऊन देवीपुढे गुडघे टेकून बसली आणि विचारलं, यात लिहिलंय ते माझ्या पोरीसाठी बरोबर आहे का, तिने फार्मसीला जावं का. एक, दोन, तीन, लागोपाठ होकार. मेई-ल्वान तिथल्या तिथे देवीला, देवळापुढे स्वतःच्या खर्चाने बाहुल्यांचा खेळ ठेवायचा नवस बोलली आणि तिने शेडमधल्या सगळ्या बायकांना सांगून टाकलं. सहाच्या सहा जागी फार्मसीच लिहायचं ठरलं. फिन-यूचा बाप समुद्रात कालवं वाढवायला रोवलेल्या बांबूंवर कामाला जायचा. घरातलं काहीही विचारलं तर म्हणायचा, तिची आई सांगेल ते.

"केमिस्ट्रीत मी पास कशी होते ते माझं मला माहीत," फिन-यू म्हणाली. "सहातलं एकही कॉलेज मला घेणार नाही. आणि घेतलं तर त्याहून वाईट."

"मग आईला सांग ना खरं काय ते."

"आईशी खोटं बोलले असते तर सांगितलं असतं, बाई. हे देवीशी झालंय."

अर्ज भरायची मुदत महिन्याअखेरीस संपत होती. बाईंनी संध्याकाळी स्कूटर काढली आणि थेट देऊळ गाठलं.

छ्यूकाकांनी चष्मा कपाळावर चढवून सगळं ऐकलं.

"म्हणजे कागद एकाचा, नाव दुसऱ्याचं, आणि कौल लावणारी तिसरीच," ते म्हणाले. "पोस्टात होतो तेव्हा असं पाकीट आम्ही परत पाठवायचो."

"चेष्टा पुरे, काका. त्या पोरीचं काय करायचं ते सांगा."

"देवीपुढे खोटं झालं तर ते देवीपुढेच निस्तरायचं. पोरीला घेऊन या. आईलाही."

"आई चिडली तर?"

"चिडेलच. ते खातं तुमचं. मी फक्त ठोकळ्यांचा अर्थ सांगतो."

मेई-ल्वान आली ती ठेवणीतलं जाकीट घालून, संत्र्यांची पिशवी घेऊन. शाळेच्या बाईंनी देवळात बोलावलंय म्हणजे काहीतरी मान असणार, असं तिला वाटलं होतं. तिचे हात मात्र झाकून राहत नव्हते. कालवं फोडून फोडून बोटांवर कापल्याच्या पांढऱ्या रेघा आणि ओलाव्याने सुरकुतलेली कातडी. तिने संत्री मांडली, उदबत्ती लावली आणि हसून वळली. फिन-यू तिच्यासमोर गुडघ्यावर बसली आणि जमिनीकडे बघत सगळं सांगून मोकळी झाली. आवाज इतका लहान की छ्यूकाकांनी कानामागे हात धरला.

मेई-ल्वान ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं.

"कोणाचं बघून?" तिने विचारलं.

"पो-येनचं."

"श्यावांच्या पो-येनचं?"

"हो."

"म्हणजे मी देवीला श्यावांच्या पोराबद्दल विचारलं," मेई-ल्वान सावकाश म्हणाली. "आणि खेळ मी कबूल केला."

छ्यूकाका खोकले. हसू दाबायला खोकले असावेत. मेई-ल्वानने त्यांच्याकडे एक नजर टाकली, ठोकळे उचलले आणि कपाळाला लावले. "देवी, तो कौल श्यावांच्या पोराचा होता का? तेवढं सांग." ठोकळे खाली पडले. दोन्ही सपाट वर. तिने परत टाकले. परत दोन्ही सपाट. तिसऱ्यांदा टाकले, एक ठोकळा गरगर फिरत खांबापर्यंत गेला आणि तिथेही सपाट बाजू वर करूनच पडला.

"हसतेय," छ्यूकाका म्हणाले.

"एवढं हसायला काय झालं?"

"प्रश्नातच काहीतरी गोम आहे."

"मग माझ्या पोरीने काय करावं, असं विचारते."

"तसं नाही विचारता येत, मेई-ल्वान. ती हो म्हणते, नाही म्हणते. आधी तुमचं तुम्ही काहीतरी ठरवून आणायला लागतं. ही पोरगी कोऱ्या हाताने आली तर देवी बिचारी होकार तरी कशाला देणार?"

मेई-ल्वानने संत्री पुन्हा पिशवीत भरायला घेतली, मग काय वाटलं कोण जाणे, दोन देवीपुढेच ठेवली. उठताना ती बाईंना म्हणाली, "तो पेपर परत घ्यायचा, बाई. आणि शाळेत नाही, माझ्या शेडमध्ये. माझ्यासमोर. बघतेच कोणाचं बघून लिहिते ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंच्या खोलीत पो-येन आला. पहिला येणारा मुलगा या खोलीत यायचं काही कारण नव्हतं. त्याने एक आलुबुखार तोंडात टाकलं, बी थुंकायला जागा शोधली, आणि म्हणाला, "बाई, ती उत्तरं माझीपण नव्हती. दादाने त्याच्या वर्षी जी लिहिली होती ना, ती मी पाठ केली होती. दादा मेडिकलला गेला, म्हणून." बाईंनी हसावं की रडावं हे न कळून त्याच्यापुढे एक कोरा कागद ठेवला आणि त्याला ढोलांच्या खोलीत एकट्याला बसवलं. तो पेन्सिल हातात धरून कितीतरी वेळ नुसता बसून होता. पण त्याची गोष्ट वेगळी. बाईंनी देवळात फोन करून छ्यूकाकांना ही बातमी दिली. "तरीच हसत होती," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

हौंची शेड रस्त्याला लागूनच. पत्र्याचं छप्पर, ओळीने बुटकी स्टुलं, समोर शिंपल्यांचे ढीग. इतर बायका घरी गेल्या होत्या. मेई-ल्वान रबरी एप्रन बांधून सुरी चालवत होती. शिंपला उघडायचा, कालव वाडग्यात, शिंपला मागे, नजर एकदाही हाताकडे नाही. नजर सगळी पोरीवर. फिन-यू उलट्या बादलीवर फळी टाकून बसली आणि तिने पहिला प्रश्न वाचला.

"मोडलेलं यंत्र खोलून बघायला आवडेल का?"

तिने पेन्सिल उचलली, आणि मान किंचित वर करून आईच्या चेहऱ्याकडे बघितलं. मेई-ल्वानच्या भुवया जरा आवळल्या. फिन-यूने "नाही आवडणार" काळं केलं.

पुढचा प्रश्न. परत मान वर. या वेळी आईच्या ओठांची कड हलली, आणि पोरीने "फार आवडेल" काळं केलं.

बाई उठल्या. "थांबा," त्या म्हणाल्या. "ही परत कॉपी करतेय."

"कोणाची?" मेई-ल्वान चमकली. "इथे कोणंय?"

"तुम्ही आहात. पो-येनचा कागद बघायची तशी ती तुमचं तोंड बघतेय."

मेई-ल्वानची सुरी थांबली. तिला ते झोंबलं, स्पष्ट दिसलं. बाईंना एरवी असं काही बोलून गेल्यावर पश्चात्ताप होत नसे, त्या वेळी झाला. त्यांनी फिन-यूची फळी उचलून मागे भिंतीकडे नेली, तिला पाठ करून बसवलं, नवा कागद दिला. मग त्या मेई-ल्वानसमोरच्या स्टुलावर बसल्या.

"आता तुम्हाला काम हवं, नाहीतर तुम्ही तिच्या पाठीकडे बघत बसाल. तुम्हीपण भरा एक."

"मी?" मेई-ल्वान हसली. "मला विचारून काय निघणार, बाई? कालवं निघतील."

"निघू देत. तुमचे हात ओले आहेत, मी वाचते, मी काळं करते. तुम्ही फक्त सांगा."

सुरुवातीला तिने सगळी थट्टाच केली. यंत्र खोलायला आवडेल का? नवऱ्याचं डोकं खोलून बघायला आवडेल, काही आहे का आत ते. लोकांसमोर भाषण करायला आवडेल का? ते मी रोज करते, कोणी ऐकत नाही. आजारी माणसाची सेवा? सासूची केली, पुरे झाली. भिंतीकडून फिन-यूचं हसू ऐकू आलं. बाई निमूटपणे गोल काळे करत होत्या.

मग बाईंनी वाचलं, "जमिनीचं मोजमाप घेऊन नकाशा काढायला आवडेल का?"

मेई-ल्वानची सुरी चालतच राहिली. तीन-चार कालवं फोडून झाली.

"परत वाचा," ती म्हणाली.

बाईंनी परत वाचलं.

"मिठागरं चालू होती ना, तेव्हा एकदा मोजणीवाले आले होते," मेई-ल्वान म्हणाली. "मी पंधराची असेन. त्यांना रंगवलेली काठी धरून उभं राहायला कोणीतरी हवं होतं, लांब, पार दुसऱ्या बांधावर. मी गेले. ते तिकडून हात करायचे, मी दोन पावलं डावीकडे. हात करायचे, मी सरळ उभी. आठवडाभर. शेवटच्या दिवशी त्यातल्या म्हाताऱ्याने मला त्या दुर्बिणीतून बघू दिलं. सगळं उलटं दिसतं हो त्यात. मिठाचे ढीग वर टांगलेले आणि आभाळ खाली. मी म्हटलं, हे उलटं का? तो म्हणाला, सवय झाली की सरळच वाटतं. आणि मग त्याने मला कागद दाखवला. आमची सगळी मिठागरं, एवढीशी, आणि मी जिथे जिथे उभी राहिले होते तिथे तिथे एकेक ठिपका."

तिने आणखी एक शिंपला उघडला.

"घरी येऊन आईला म्हटलं, हे काम कुठे शिकवतात? आई म्हणाली, सुरी घे."

पत्र्यावर वाऱ्याचा आवाज होत होता. भिंतीकडची पेन्सिल केव्हाच थांबली होती. फिन-यू वळली नाही, पण तिची पाठ ऐकत होती.

"फार आवडेल," मेई-ल्वान म्हणाली. "करा काळं. आणि पुढचा वाचा."

त्यानंतर तिने एकदाही थट्टा केली नाही. प्रत्येक प्रश्नाला विचार करून उत्तर दिलं, दोनदा आधीचं उत्तर बदलायला लावलं. शेवटचा प्रश्न झाल्यावर ती म्हणाली, "संपले?" आणि तिच्या आवाजात लहान मुलासारखी निराशा होती. बाईंचे डोळे भरून आले. त्या कागद नीट करायच्या निमित्ताने खाली बघत राहिल्या. आयुष्यभर या बाईला कोणी काही विचारलंच नव्हतं. विचारलं ते आपण, आणि तेही तिला गुंतवून ठेवायला.

फिन-यूचा खरा आलेख पो-येनच्यासारखा दिमाखदार नव्हता. बरेचसे आकडे मधल्यामध्ये रेंगाळलेले. एकच जागा वर आलेली: जिवंत प्राणी, उघड्यावरचं काम, निरीक्षण करून नोंद ठेवणं. बाईंनी खोलीत तिला त्याबद्दल विचारलं तेव्हा ती आलुबुखार चघळता चघळता म्हणाली, "दोन वर्षांपूर्वी आमची सगळी बारकी कालवं मेली होती. सगळे म्हणाले, नशीब. मला वाटत होतं, कोणीतरी एक फोडून नीट बघावं तरी, कशाने मेली." बाई म्हणाल्या, मग त्या दिवशी काय आवडतं ते माहीत नाही, असं का म्हणालीस? फिन-यू म्हणाली, "हे आवडण्यात धरतात हे मला माहीत नव्हतं."

अर्जाच्या आदल्या संध्याकाळी बाई परत शेडमध्ये गेल्या. फिन-यूने सहा अभ्यासक्रमांची नावं पेन्सिलीने एका कागदावर लिहून आईपुढे धरली होती. मेई-ल्वान वाचत होती.

"मत्स्यपालन. जलचरांचे रोग. परत मत्स्यपालन, हे कुठलं? कीलुंग. लांब आहे. म्हणजे एवढं शिकून परत कालवंच?"

"फोडायची नाहीत, आई. का मरतात ते बघायचं."

मेई-ल्वानने एक कालव फोडलं. दुसरं फोडलं. तिसरं जरा जास्तच वेळ हातात धरलं.

"कालवं मेली त्या वर्षी तुझे बाबा चार महिने बोलले नव्हते माझ्याशी," ती म्हणाली. "बरं. कोणीतरी बघायलाच हवं."

फिन-यूने सोडलेला श्वास बाईंनाही ऐकू आला. मेई-ल्वान मात्र अजून वाचत होती. ती शेवटच्या ओळीवर आली आणि थांबली. सहाव्या जागी लिहिलं होतं, भूमापन.

"हे कोणाचं बघून लिहिलंस?"

फिन-यूचे कान लाल झाले.

मेई-ल्वानने ओला अंगठा त्या ओळीवर ठेवला आणि घासला. पेन्सिलीची अक्षरं पसरली, राखाडी झाली आणि गेली. कागद तिथे जरा फाटलाही.

"ते माझं आहे," ती म्हणाली. आवाज मऊ होता. "तुझं लिही."

फिन-यू कागद घेऊन भिंतीकडे गेली, पाठ करून बसली. कोणी सांगितलं नव्हतं, आपण होऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कागद देवीपुढे गेला आणि देवीने पहिल्याच झटक्यात होकार दिला. छ्यूकाका म्हणाले, आता कसा प्रश्न सरळ आला. बाहुल्यांचा खेळही झाला. कबूल केलेलं मोडता येत नाही, म्हणून श्यावांनी अर्धा वाटा उचलला. पण हे सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी बाईंनी जाता जाता पिशवीतून आणखी एक कागद काढला. घरी बसून, आकडेमोड करून, तांबड्या शाईने त्यांनी तो आलेख काढला होता, मुलांचा काढतात त्याहून जास्त काळजीने. वर नाव होतं, मेई-ल्वान.

मेई-ल्वानने हात एप्रनला पुसले. मग टॉवेलला पुसले. मग कागद घेतला आणि दिव्याखाली धरून बघत राहिली. एका ठिकाणी रेघ पानाच्या कडेपर्यंत वर गेली होती. तिने तिथे बोट ठेवलं, काढलं, कागदाची चौकोनी घडी केली आणि एप्रनच्या आत, जाकिटाच्या खिशात घातली.

"देवीला दाखवणार का?" बाईंनी विचारलं.

"नको बाई," मेई-ल्वान म्हणाली. "हो म्हणाली, तर काय करू?"

आणि तिने ढिगातलं पुढचं कालव उचललं.